कोयता म्हणजे दोन माणसं

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतले शेतीचे, पाण्याचे आणि उसाचे शब्द इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला समजावेत, म्हणून हा कोश झाला आहे. मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ देणारे कोश आपल्याकडे दोनशे वर्षांपासून आहेत. मग आणखी एक कशाला, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर ‘कोयता’ या नोंदीत मिळते.

कोणताही कोश उघडा, कोयता म्हणजे तोडणीचे एक पाते असलेले हत्यार. चूक काहीच नाही. पण दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर किंवा बिजवडीच्या कारखान्यांकडे बीड-नगरकडून टोळ्या येऊ लागल्या, की कोयता माणसांत मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब धरतो तो कोयत्यावर, आणि ‘माझ्याकडं वीस कोयते हायेत’ असे तो म्हणतो तेव्हा चाळीस माणसांची मजुरी त्याच्या वहीत असते. बाईच्या नावाचे वेगळे खाते त्या वहीत बहुधा नसते. ती दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि कागदावर कोयत्याचा निम्मा भाग होऊन राहते. एखाद्या इंग्रजी अहवालात ‘वीस हत्यारे’ असे भाषांतर झाले, तर त्या वीस बायका अहवालातूनही गेल्याच.

म्हणून या कोशाच्या संपादकांनी शब्दाला प्रतिशब्द ठेवून पुढे जायचे नाही, असे ठरवले. प्रत्येक नोंदीत तो शब्द कोण कुणाशी बोलताना वापरतो, कोणत्या महिन्यात, आणि त्यावर पैसा कसा ठरतो, हे सांगितले आहे. नोंदी त्यामुळे लांबल्या. काही तर अर्ध्या पानाच्या झाल्या आहेत. मला त्या लांबीचे वाईट वाटत नाही. उलट जिथे नोंद एका ओळीत उरकली आहे, तिथेच शंका घ्यावी असे माझे मत आहे.

वाचक कोण, हेही आधीच सांगून टाकतो. माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली, तेव्हापासून देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतले शास्त्रज्ञ बारामती तालुक्यात राहतात. त्यांची कामाची भाषा इंग्रजी, आणि बांधावरच्या शेतकऱ्याची मराठी. दुसरा वाचक म्हणजे ऊसतोड कामगारांवर, उजनीच्या पाण्यावर, सहकारावर लिहिणारे पत्रकार आणि अभ्यासक. तिसरा वाचक घरचाच आहे. आजोबांचा सातबारा हाती आला आहे, मराठी बोलता येते, पण ‘पोटखराबा’ आणि ‘आकार’ या दोन रकान्यांपाशी ज्याची गाडी अडते, तो पुण्या-बंगळुरूचा किंवा ऑस्टिनचा नातू. त्याला हे शब्द इंग्रजीतून समजावून द्यावे लागतात, यात हळहळण्यासारखे काही नाही. समजल्याशी कारण.

या भागातल्या शब्दांचा अर्थ परक्या माणसाने विचारण्याची ही पहिली वेळ नाही. पुणे, सुपे, इंदापूर ही शहाजीराजांच्या जहागिरीतली नावे. इथल्या दप्तरात फारसी-अरबी शब्द इतके भिनले होते, की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन त्यांना संस्कृत पर्याय दिले. राजदरबारात ते काही काळ चालले असतील. बांधावर मात्र जिराईत, बागाईत, इनाम, मिरास हेच राहिले आणि आजही आहेत. सुपे-मोरगावकडचा माणूस आपल्या भागाला ‘जिराईत पट्टा’ म्हणतो तेव्हा तो अरबी बोलतोय असे त्याला सांगून बघा! कोशकाराने शब्द बदलायला जाऊ नये, हा धडा इथेच मिळाला होता.

त्यानंतर विचारायला आले ते इंग्रज, आणि त्यांच्या विचारण्यामागे सारा होता. १८१८ला पेशवाई गेली. पुढच्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसकडे अर्थशास्त्र शिकून आलेला हा हुशार तरुण. जमिनीचे ढोबळ उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि राहील त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर निर्दोष. पण बरड माळावर एका साली चार मण बाजरी येते आणि दुसऱ्या साली बियाणेही निघत नाही, तिथे ‘निव्वळ उत्पन्न’ हा शब्द कुणब्याच्या तोंडी कुठून असणार? ज्या गोष्टीला गावात शब्दच नव्हता, तिच्यावर सारा बसला. त्यात धान्याचे भाव पडले, खालच्या कारकुनांनी हात धुऊन घेतले, आणि वसुलीसाठी लोकांचा छळ झाला. पुढे सरकारच्याच प्रशासन अहवालात या छळाची कबुली छापली गेली. माणसे घरेदारे सोडून निजामाच्या मुलखात गेली. इंदापूर तालुक्यात जमिनीच्या जमिनी पडीक पडल्या.

त्या उजाड इंदापुरात १८३५ साली गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्याची रयतवारी पाहणी म्हणून जी पद्धत पुढे गुजरातपासून कर्नाटकापर्यंत गेली, तिचा जन्म इंदापूरचा. १८४७च्या संयुक्त अहवालाने ती पक्की झाली. उत्पन्नाचा काल्पनिक हिशेब या दोघांनी सोडून दिला आणि जमीन डोळ्यांनी पाहायला माणसे पाठवली. काळी, तांबडी, बरड या लोकांच्याच तीन नावांवर जमिनीची वर्गवारी झाली, प्रत्येकीच्या तीन प्रती ठरल्या, म्हणून एकंदर नऊ. नंतरच्या पद्धतीत कुदळीने खणून खोली हातात मोजायची. पावणेदोन हात खोल चांगली काळी म्हणजे सोळा आणे. मग चुनखडी, वाळू, उतार असा एकेक दोष दिसेल तसे आणे खाली. ठरलेला आकार, म्हणजे सारा, तीस वर्षे वाढणार नाही, अशी हमी दिली.

प्रिंगल वाईट आणि विंगेट चांगला, असे चित्र मला रंगवायचे नाही. दोघेही सारा गोळा करायलाच आले होते, आणि तीस वर्षांची मुदत सरताच फेरआकारणीत इंदापूरचा आकार चांगलाच चढला. पण एकाने गावाला आपला शब्द शिकवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याने गावाचा शब्द उचलून त्यावर आपली पद्धत उभी केली, हा फरक कोशकाराच्या कामाचा आहे. ‘बरड’ला इंग्रजीत एकच नेमका शब्द नाही. विंगेटच्या लोकांनी तो शोधलाही नाही. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला आणि पुढे चार ओळींत ती जमीन कशी ओळखावी हे सांगितले. या कोशाची रीत तीच आहे.

मोजणीने इथल्या भाषेत काय पेरले, हे पाहायचे तर ‘गुंठा’ घ्या. त्याआधी जमीन काठीने मोजत. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचे चाहूर. हात कुणाचा, मूठ केवढी, यावर बिघा लहानमोठा होई. पाहणीत ३३ फुटांची साखळी आली, तिचे सोळा आणे पडले, ३३ फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा गुंठा झाला, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आज बारामती शहराभोवती प्लॉट विकणारा गुंठ्यावर बोलतो, सरकार ‘गुंठेवारी’ नियमित करते, आणि जमीन विकून अंगावर सोने घालून फिरणाऱ्याला लोक ‘गुंठामंत्री’ म्हणतात. हा शेवटचा शब्द कोशात घ्यावा की नाही, यावर संपादकांत वाद झाला होता म्हणे. घेतला, हे बरे केले. मोजमापाच्या शब्दात चेष्टा शिरली, की तो शब्द लोकांच्या मालकीचा झाला असे समजावे.

आण्याचेही तसेच. नाण्यांतला आणा १९५७च्या दशमान पद्धतीनंतर गेला. आणेवारी मात्र राहिली. सरकारी कागदावर ती ‘पैसेवारी’ झाली, पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळाची सवलत मिळते. पारावर बसलेला म्हातारा अजून ‘आवंदा सहा आणे बी पीक न्हाई’ असेच म्हणतो. इंग्रजी वाचकाने इथे पैसा किंवा किंमत शोधू नये. हे पिकाचे माप आहे: पूर्ण पीक सोळा आणे.

मोजणी चालू होती त्याच काळात मराठीचे मोठे इंग्रजी कोश तयार झाले. जेम्स थॉमस मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये आणि दुसरी वाढवलेली आवृत्ती १८५७मध्ये निघाली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि पुण्या-मुंबईचे शास्त्री त्याच्या जोडीला होते. लोक मोल्सवर्थला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. त्याच्या कोशाची थोरवी आजही कमी झालेली नाही. म्हण, शिवी, बायकांच्या तोंडचे वळण, सगळे त्याने टिपले, आणि जिथे प्रतिशब्द अपुरा पडला तिथे सरळ वर्णन केले. पण शब्द आले ते बव्हंशी शास्त्र्यांच्या ओंजळीतून. बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी आर्या रचल्या, तीही कऱ्हाकाठचीच मराठी. आणि त्याच काठावर मोट हाकणाऱ्याच्या तोंडची ती दुसरी. कोशात पहिलीला पाट मिळाला, दुसरीला जमेल तेवढी जागा.

लंडनहून होरेस हेमन विल्सनचा न्याय-महसुली शब्दांचा कोश १८५५ला निघाला, त्याची कथा तर कोशकारांनी ऐकावीच अशी. कंपनी सरकारने कच्चा शब्दसंग्रह छापून, पुढे कोरे रकाने ठेवून हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांकडे धाडला: तुमच्या जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ काय तो भरा, नवे शब्द सापडतील ते लिहा. बरेचसे रकाने कोरेच परत आले. ज्यांना रोज त्या शब्दांवर हुकूम लिहायचे होते, त्यांना त्यांचा अर्थ लिहायला सवड नव्हती.

अर्थ न लिहिल्याची किंमत काय होते, याचे ठळक उदाहरण या कोशाच्या हद्दीतच आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडी बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. चौकशी आयोग बसला, आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. लोकांनी मागितली आणि जाळली ती ‘खते’. आता शेतावर वाढलेल्या कुणालाही खत म्हटले की शेणखत, कंपोस्ट, नाहीतर युरियाची गोणी आठवते. सावकाराचे खत म्हणजे कर्जाचा दस्त, ज्याच्या खाली कुणब्याने वाचता न येता अंगठा किंवा नांगराची निशाणी केलेली असे. आजच्या विद्यार्थ्याला ‘शेतकऱ्यांनी खते जाळली’ हे वाक्य इंग्रजीत करायला द्या. जे निष्पन्न होईल ते वाचून हसावे की रडावे कळणार नाही. संपादकांनी दोन्ही खतांना वेगळ्या नोंदी दिल्या आणि दस्ताच्या खताखाली सुप्याची हकिगत थोडक्यात घातली, हे योग्यच झाले.

कोशाचा सर्वांत भरलेला भाग पाण्याचा आहे, आणि मला विचाराल तर सर्वांत चांगलाही तोच. नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. १८७६-७७च्या दुष्काळाने त्याच्या कामाला जोर दिला होता. भाटघरच्या धरणाने त्याला पाणी पुरवले. वीरपासून निघून कालवा पुरंदर आणि बारामतीतून इंदापुरात जातो. म्हणजे बारामती वर, इंदापूर खाली. या वर-खालीतून दोन तालुक्यांचे निम्मे राजकारण आणि एक अख्खा शब्दसंग्रह तयार झाला. कालव्यातून फाटा, फाट्यातून चारी, चारीतून पोटचारी, मग शेतातला दंड, आणि शेवटी सरी. प्रत्येकावर वेगळा माणूस, वेगळे भांडण. पाणी सुटते ते ‘आवर्तन’, माझ्या शेताची वेळ येते ती ‘पाळी’. शेजाऱ्याच्या मागून शेजारी अशी क्रमाने पाळी लागते ती ‘शेजपाळी’. हा शब्द तर पाटबंधाऱ्यांवरच्या इंग्रजी लेखनात जसाच्या तसा गेला आहे. परदेशी तज्ज्ञही तो रोमन लिपीत लिहितात, भाषांतर करत नाहीत.

पाळी मिळवायची तर ‘सात नंबर’ भरावा लागतो. इथे नवख्याची गाडी हमखास घसरते. तलाठ्याकडचा सात नंबर म्हणजे जमिनीच्या हक्काचा नमुना, ज्याला बारा नंबरचा पीकपाहणीचा नमुना जोडून सातबारा होतो. पाटबंधारे खात्याचा सात नंबर म्हणजे पाण्याची मागणी. एकाच दिवशी एकाच पिशवीत दोन्ही कागद घेऊन शेतकरी तालुक्याला जातो आणि कधीही गोंधळत नाही. गोंधळतो तो भाषांतरकार.

‘दारं धरणं’ ही नोंद वाचकाने सावकाश वाचावी. शब्दशः घेतली तर कुणीतरी दरवाजा धरून उभा आहे असे वाटेल. पाणी दंडातून सरीत वळवायचे, सरी भरली की खोऱ्याने मातीचा बांध फोडून पुढच्या सरीत सोडायचे आणि मागचे तोंड बुजवायचे, हे काम म्हणजे दारं धरणं. पाण्यात उभे राहून करायचे, बहुतेकदा रात्री, कारण ‘लाईट’ रात्रीची असते. आणि लाईट म्हणजे दिवा नव्हे. घरात बल्ब जळत असतानाही शेतकरी ‘लाईट न्हाई’ म्हणतो, कारण त्याला थ्री फेज हवा असतो, विहिरीवरची मोटर चालायला. मोटर म्हणजे पंप. ‘डीपी जळाली’ म्हणजे रोहित्र गेले, आठ दिवस पाणी बंद. कॉलेजातल्या पोराच्या डीपीशी याचा काही संबंध नाही, पण दोन्ही डीपी एकाच पोराच्या तोंडी असतात.

हे इंग्रजीतून आलेले शब्द इंग्रजी वाचकासाठीच्या कोशात घ्यायचे कशाला, असा प्रश्न मलाही पहिल्या वाचनात पडला होता. विचार केल्यावर वाटले, हेच आधी घ्यायला हवेत. अनोळखी शब्दापाशी वाचक थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबत नाही आणि तिथेच फसतो. ‘ब्लॉक’ म्हणजे कालव्यावर ठराविक वर्षांसाठी पाणी मंजूर झालेली जमीन. ज्याच्या आजोबांना ब्लॉक मिळाला त्याचे घर वर आले. ‘टेल’ म्हणजे चारीचे शेवटचे टोक, जिथे पाणी पोचता पोचता आटते. इंदापुरात ‘आम्ही टेलची माणसं’ असे म्हणतात तेव्हा त्यात भूगोल कमी आणि तक्रार जास्त असते. उजनीच्या फुगवट्याकाठी भिगवणच्या बाजाराला गेलात तर ‘चिलापी’ विकत घ्याल. ती टिलापिया. परदेशी मासा, परदेशी नाव, आणि दोन्हींनी इथले पाणी धरले.

उजनीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक शब्द सांगतो: ‘गाळपेर’. भीमेवर धरण झाले, इंदापूरच्या काठची गावे पाण्याखाली गेली, पळसदेवचे जुने देऊळ तर पाणी उतरले की अजून वर डोके काढते. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तशी गाळाची जमीन उघडी पडते, आणि तिच्यात पेरतात ती गाळपेर. जमीन आता सरकारची, कसणारा बहुधा तिचा जुना मालक. एका शब्दात विस्थापन, हंगाम आणि भाडेपट्टा.

पाण्याने दिले तसे घेतलेही. जास्त पाण्याने जमीन ‘चिबड’ होते, क्षार वर आले की ‘खारवट’, आणि भिजल्यावर चिकट, वाळल्यावर दगड होते ती ‘चोपण’. नीरा खोऱ्यातल्या अशा जमिनींवर हॅरल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० साली मुंबई शेती खात्यासाठी अभ्यास केला. म्हणजे कालवा येऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच हे शब्द शास्त्राच्या दारात पोचले होते. या तिन्हींना एकाच इंग्रजी शब्दाखाली घालणारे अहवाल मी वाचले आहेत. उपाय तिघींचे वेगळे आहेत. चर काढून चिबड सुधारेल, चोपणीला जिप्सम लागेल. अर्थाची गल्लत इथे खिशाला लागते.

उरला ऊस. इथे मराठीनेच इंग्रजीला शब्द दिले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये लावून सोळा-अठरा महिने शेतात राहतो तो ‘आडसाली’, जानेवारी-फेब्रुवारीतला ‘सुरू’. भारतातले ऊसशास्त्र इंग्रजीत लिहिताना हे शब्द तसेच वापरते. तोडणीनंतर बुडख्यापासून फुटतो तो ‘खोडवा’, त्याच्यापुढचा ‘निडवा’. बेणे, टिपरी, पाचट, वाढे, तुरा, मोळी यांच्या नोंदी सोप्या आहेत. ‘फड’ कठीण आहे, कारण तोड चालू असते तो फड, तमाशाचा फड, कुस्तीचाही फड. ‘खाडा’ म्हणजे कामावर न आल्याचा दिवस आणि त्याबद्दलचा दंडही. आजारी पडलेल्या बाईला खाडा लागतो, हे नोंदीत लिहिले आहे आणि ते लिहायलाच हवे होते.

उसाच्या वाणांना नावे देतात शास्त्रज्ञ, आणि वापरतात आकडे शेतकरी. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रातल्या एका प्रसिद्ध वाणाचे नाव ‘नीरा’ ठेवले, याच नदीचे. पण बांधावर तो शहाऐंशी-शून्य-बत्तीसच. ‘दोनशे पासष्ट’, ‘दहा हजार एक’ अशी बोलणी ऐकून नवख्याला भाव चालले आहेत असे वाटते. जुन्या माणसांचा ‘चारशे एकोणीस’ हा आकडा तर थेट जावा बेटापर्यंत जातो. पूर्व जावाच्या डच संशोधन केंद्रात १९२१मध्ये पीओजे २८७८ हा ऊस निघाला, जगभर नावाजला, आणि त्याच्याच वंशात कोइमतूरला को ४१९ झाला. दख्खनच्या कालव्यांवर अनेक वर्षे त्याचे राज्य होते. म्हणजे वालचंदनगरच्या चरकात जो ऊस पिळला गेला, त्याचे आजोळ इंडोनेशियात. आणि इंडोनेशियात साखरेला म्हणतात ‘गुला’, जो आपल्या गुडाचा, गुळाचा भाऊ. शब्द इकडून गेला, बेणे तिकडून आले.

जावातही हेच सगळे घडले होते, ते जाता जाता. विल्यम मार्सडेनने इंग्रजांसाठी मलय शब्दांचा कोश १८१२ला छापला आणि त्याच सुमारास रॅफल्सने जावात जमीनसारा बसवला. तिथे ओलिताचे भातखाचर ‘सावा’, कोरडे शेत ‘तगालान’. आपले बागाईत-जिराईत समजणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. इंग्रजीने भातासाठी घेतलेला ‘पॅडी’ हा मलय ‘पादी’. कोश आणि सारा ही जोडगोळी तेव्हा सर्वत्र एकत्रच हिंडत होती. हा कोश साऱ्यासाठी केलेला नाही, एवढे तरी आपण नक्की म्हणू शकतो.

आता उणिवा. स्वयंपाकघर आणि गोठा या दोन ठिकाणांचे शब्द फार थोडे आले आहेत. शब्द सांगणारे बहुतेक पुरुष होते, आणि ते पारावर, कारखान्याच्या काट्यापाशी, चहाच्या टपरीवर भेटले; त्याचा परिणाम पानापानावर दिसतो. ऊसतोडीच्या नोंदींत कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, कशी बांधतात हे आहे, पण कोपीत पहाटे तीनला चूल कशी पेटते हे नाही. उजनीकाठच्या मासेमारांचे जाळ्याचे, होडीचे शब्द आणखी हवेत. मेंढपाळांचे तर जवळजवळ नाहीतच, आणि ज्या भागात दर वर्षी पावसाळा सरताच वाडे हलतात तिथे ही मोठीच त्रुटी आहे. उच्चारांबद्दल संपादकांनी घेतलेला निर्णय मला पटला: नोंद प्रमाण रूपाची, उदाहरणे बोलीतली. ‘न्हाई’चे ‘नाही’ करून इंग्रजी वाचकासाठी फार शहाणी मराठी उभी केली असती तर तो इंदापुरात उतरल्यावर बहिरा ठरला असता.

दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहू नका, असे मला दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलांना सांगायचे आहे. कालव्याचे, कारखान्याचे शब्द अजून रोज बोलले जातात. ते आणखी दहा वर्षांनीही मिळतील. मोटेचे मिळणार नाहीत. नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, धाव किती लांब असायची, थारोळ्यात पाणी पडताना बैल कसा वळवायचा, हे स्वतः मोट हाकून सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या गावात असा कुणी असेल तर या आठवड्यातच वही घेऊन त्याच्याकडे जा, आणि त्याच्या बायकोलाही विचारा.